आतड्यातले चेताजाळे: जुनाट मलावरोधाच्या अभ्यासाची प्रस्तावना

पोट साफ होत नाही अशी तक्रार घेऊन आलेल्या माणसाला आपल्याकडे ठरलेली उत्तरे मिळतात. पाणी जास्त प्या, पालेभाज्या खा, सकाळी वेळ चुकवू नका, थोडे चाला. ही उत्तरे योग्यच आहेत आणि बहुतेकांना त्यांनी बरेही वाटते. ही प्रस्तावना ज्यांना बरे वाटत नाही त्यांच्यासाठी आहे. आठ-आठ दिवस ज्यांना शौचाला होत नाही, ज्यांचे पोट संध्याकाळपर्यंत फुगून टणक होते, जुलाबाचे औषध घेतल्याशिवाय आतडे हलतच नाही असे जे वर्षानुवर्षे सांगत आले आहेत, अशी माणसे प्रत्येक तालुक्यात आहेत. त्यांतल्या काहींच्या आतड्याच्या स्वतःच्या मज्जासंस्थेतच बिघाड असतो. या मज्जासंस्थेचा अभ्यास दीडशे वर्षांहून जुना आहे. तो अजून अपुरा आहे, आणि म्हणूनच तरुण डॉक्टरांनी, परिचारिकांनी, आरोग्यसेवकांनी आणि जिज्ञासू वाचकांनी त्यात यावे असे मला मनापासून वाटते.

अकोले तालुका डोळ्यांसमोर ठेवून मी हे लिहितो आहे. कळसूबाई आणि हरिश्चंद्रगडाच्या कुशीतल्या गावांत भात, नागली, वरई, हुलगे, वाल आणि पावसाळ्यातल्या रानभाज्या हे पिढ्यान्‌पिढ्यांचे अन्न. कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांना गावठी बियाणी जपल्याबद्दल 2020 मध्ये पद्मश्री जाहीर झाली. ती बियाणी याच अन्नाची आहेत. रेशनचा तांदूळ-गहू आल्यापासून नागलीची भाकरी कमी झाली हे खरे. तरीही कोंडा-चोथ्याचे अन्न आणि अंगमेहनत या भागात शहरापेक्षा जास्तच आहे. डेनिस बर्किट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1972 मध्ये आफ्रिकेतल्या खेड्यांतल्या आणि ब्रिटनमधल्या लोकांची तुलना प्रसिद्ध केली. चोथ्याचे अन्न खाणाऱ्या खेडूतांचे अन्न दीड दिवसाच्या आसपास शरीराबाहेर पडत होते, ब्रिटिशांना त्याच्या दुपटीहून अधिक वेळ लागत होता. आहाराचा परिणाम इतका मोठा आहे. पण त्यातूनच पुढचा प्रश्न उभा राहतो. भाकरी-हुलगे खाणारी, रोज डोंगर चढणारी बाई आठवडाभर शौचाला जाऊ शकत नसेल, तर ‘चोथा वाढवा’ या सल्ल्यात तिला देण्यासारखे काय उरते? असा रोग इथे जास्त आढळतो असा माझा दावा नाही. इथे आहाराचे उत्तर लवकर संपते, म्हणून पुढचा प्रश्न इथे लवकर विचारावा लागतो, एवढेच माझे म्हणणे.

आतड्याच्या भिंतीत स्नायूंचे दोन थर असतात, आतला आडवा आणि बाहेरचा उभा. या दोन थरांच्या मध्ये चेतापेशींच्या पुंजक्यांचे एक जाळे अन्ननलिकेपासून गुदाशयापर्यंत पसरलेले आहे. ब्रेस्लाऊच्या लिओपोल्ड आउअरबाख यांनी 1862 मध्ये ते प्रथम वर्णन केले. त्याच्या आत, अंतस्त्वचेखाली, आणखी एक नाजूक जाळे आहे. गेओर्ग माइसनर यांना ते 1857 मध्येच दिसले होते. दोन्ही मिळून चेतापेशींची संख्या दहा कोटींच्या वर जाते. शरीरात मेंदू आणि मज्जारज्जूबाहेर इतका मोठा साठा दुसरीकडे नाही.

हे जाळे स्वतंत्रपणे काम करते, हे 1899 मध्ये लंडनच्या बेलिस आणि स्टार्लिंग यांनी दाखवले. कुत्र्याच्या आतड्याकडे बाहेरून येणाऱ्या सगळ्या नसा कापल्यानंतरही आतल्या बाजूने दाब दिला की दाबाच्या वरचा भाग आकुंचन पावे आणि खालचा सैल पडे. पुढे 1917 मध्ये ट्रेंडेलेनबुर्ग यांनी गिनीपिगचे आतडे शरीराबाहेर काढून द्रवात ठेवले. तिथेही त्याची लयबद्ध हालचाल चालूच राहिली. वरचा भाग आवळण्यासाठी काही चेतापेशी ॲसिटिलकोलीन सोडतात; खालचा भाग सैल करण्यासाठी दुसऱ्या काही पेशी नायट्रिक ऑक्साइड सोडतात. मल पुढे सरकण्यासाठी या दोन्ही क्रिया एकाच वेळी, योग्य जागी घडाव्या लागतात. खालचा भाग सैल पडला नाही तर वरच्या भागाचा जोर वाया जातो. पुढचे सगळे समजण्यासाठी हे एक वाक्य पुरेसे आहे.

केंब्रिजचे जे. एन. लँग्ले यांनी या जाळ्याला मज्जासंस्थेचा वेगळा, तिसरा विभाग मानले आणि 1921 च्या आपल्या ग्रंथात तसे मांडले. त्यांचे संशोधनाचे आवडते साधन होते निकोटिन: चेतापेशींच्या पुंजक्यांना ते लावले की ते पुंजके आधी उत्तेजित होतात आणि मग बधिर. आपल्याकडच्या अनेक बाया मिश्री लावल्याशिवाय पोट साफ होत नाही असे सांगतात, तेव्हा मला लँग्ले आठवतात. त्या सांगतात ते खोटे नाही. मिश्रीतले निकोटिन रक्तातून आतड्यापर्यंत पोचते आणि याच पुंजक्यांना चेतवते. मिश्री तोंडाच्या कर्करोगाला आमंत्रण देते, गर्भातल्या बाळाचे वजन घटवते. ती सोडायलाच हवी. पण सोडायला सांगताना हेही विचारले पाहिजे, की या बाईला शौचासाठी मिश्री का लागते? तिचा मलावरोध कधीपासूनचा आहे? मिश्रीवरून रागावून तिला परत पाठवले, तर हा प्रश्न कोणी विचारतच नाही.

या क्षेत्राचा दरवाजा ज्या रोगाने उघडला तो लहान मुलांचा आहे. 1886 मध्ये कोपनहेगनचे बालरोगतज्ज्ञ हारल्ड हिर्शस्प्रुंग यांनी बर्लिनमध्ये दोन अर्भकांची हकीकत सांगितली. जन्मापासून मलावरोध, प्रचंड फुगलेले पोट, आणि वर्ष पुरे होण्याआधी मृत्यू. शवविच्छेदनात मोठे आतडे फुगून जाड झालेले दिसले, आणि साहजिकच फुगलेला भागच रोगट असे सर्वांनी धरले. पुढची साठ वर्षे शल्यचिकित्सक तो फुगलेला भाग काढत राहिले आणि मुले पुन्हा तशीच फुगत राहिली. खरा रोग त्याच्या खाली होता, जो भाग अरुंद आणि दिसायला निर्दोष होता त्यात. तिथे चेतापेशीच नव्हत्या. त्यामुळे तो भाग सैल पडत नव्हता, कायम आवळलेला राहत होता, आणि वरचे निरोगी आतडे त्याच्याशी झगडून फुगत होते. तिथे पेशी नाहीत हे 1901 मध्येच टिटेल यांना सूक्ष्मदर्शकाखाली दिसले होते. शस्त्रक्रियेपर्यंत ते पोचायला 1948 साल उजाडले. बोस्टनच्या ऑर्व्हार स्वेन्सन यांनी त्या वर्षी अरुंद भाग काढून वरचे निरोगी आतडे गुदद्वारापर्यंत खाली आणून जोडले, आणि मुले बरी होऊ लागली. वैद्यकाच्या इतिहासातला हा प्रसंग मला फार मोलाचा वाटतो. फुगलेला भाग डोळ्यांना दिसत होता, म्हणून तोच दोषी ठरला. खालच्या निर्दोष दिसणाऱ्या भागाकडे शल्यचिकित्सकांनी साठ वर्षे पाहिले नाही.

पेशी तिथे का नसतात, याचे उत्तर गर्भात आहे. आतड्याच्या चेतापेशी आतड्यात जन्मत नाहीत. गर्भाच्या मानेजवळच्या चेताशिखा नावाच्या पेशीपट्ट्यातून त्या निघतात आणि चौथ्या ते सातव्या आठवड्यात वरून खाली प्रवास करत गुदाशयापर्यंत पोचतात. अकोल्याच्या पश्चिम भागात ज्याने आवणी केली आहे त्याला हे लगेच उमगेल: वरच्या खाचरापासून लावणी सुरू केली आणि रोपे कमी पडली, तर नेहमी सगळ्यात खालचे खाचर रिकामे राहते. म्हणूनच हा रोग बहुतेक वेळा गुदाशय आणि त्याच्या लगतच्या वळणापुरता असतो. क्वचित रोपे फार लवकर संपतात आणि मोठे आतडे संपूर्ण रिकामे राहते. या प्रवासासाठी लागणाऱ्या जनुकांपैकी ‘रेट’ या जनुकातला दोष 1994 मध्ये सापडला आणि काही कुटुंबांत हा रोग पुन्हा पुन्हा का दिसतो ते कळले.

साधारण पाच हजार जन्मांमागे एका बाळाला हा रोग असतो, मुलग्यांत मुलींच्या सुमारे चौपट. 2011 च्या जनगणनेत अकोले तालुक्याची लोकसंख्या 2 लाख 90 हजारांच्या आसपास होती. राज्याचा जन्मदर हजारी पंधरा धरला, तर या एका तालुक्यात वर्षा-सव्वा वर्षात असे एक बाळ जन्माला येणार असा हिशेब निघतो. मग ते बाळ कुणाच्या लक्षात येते?

इथे घरातल्या एका जुन्या उपायाबद्दल बोलायला हवे. तान्हे बाळ शी करत नसेल तर आजी विड्याच्या पानाचा देठ तेलात बुडवून बाळाच्या गुदद्वारात हलकेच घालते; काही घरांत साबणाची कांडी वापरतात. बऱ्याचदा शी होते आणि सगळ्यांना हायसे वाटते. हिर्शस्प्रुंगच्या बाळाच्या बाबतीत देठ काढताच शी आणि वारा एकदम जोरात बाहेर फेकला जातो, कारण क्षणभर तो आवळलेला भाग उघडला गेलेला असतो. तपासणाऱ्या डॉक्टरचे बोट बाहेर येताच असे झाले तर पाठ्यपुस्तके त्याला या रोगाची खूण मानतात. म्हणजे आजीच्या हातून निदानाची खूण रोज घडत असते, पण त्या खुणेलाच उपाय समजले जाते आणि महिने जातात. आजीला दोष देण्यात अर्थ नाही. तिने नातवाचा त्रास कमी केला. तिला एवढेच विचारायचे, की देठ किती वेळा लावावा लागतो, आणि काढल्यावर नेमके काय होते. तिच्याइतकी अचूक माहिती कोणाकडेच नसते.

दुसरी खूण पहिल्या शीची. पूर्ण दिवसांच्या बहुतेक सगळ्या निरोगी बाळांना पहिली काळी-हिरवी शी 24 तासांत होते. 48 तास उलटूनही झाली नाही तर हिर्शस्प्रुंगचा संशय घ्यायलाच हवा. अपुऱ्या दिवसांच्या बाळांना थोडा जास्त वेळ लागतो, आणि रोग असूनही काहींना वेळेवर शी होते, त्यामुळे ही एकच खूण धरून बसू नये. पोट फुगणे, हिरवी उलटी, दूध नाकारणे यांकडेही पाहावे. यातला सगळ्यात मोठा धोका आतड्याच्या सुजेचा. मलावरोध असलेल्या बाळाला अचानक ताप येऊन घाण वासाचे पातळ जुलाब सुरू होतात, आणि घरच्यांना वाटते चला, पोट मोकळे झाले. त्याच वेळी बाळाचा जीव धोक्यात असतो; अशा बाळाला त्याच दिवशी रुग्णालयात न्यायला हवे. पक्के निदान गुदाशयाच्या अंतस्त्वचेचा मसुराएवढाही नसलेला तुकडा शोषक नळीने काढून होते. त्याला टाके लागत नाहीत. तो तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली वाचणारा अनुभवी डोळा मात्र लागतो.

आता मोठ्या माणसांकडे येऊ. इथे वाट धूसर होते. हिर्शस्प्रुंगमध्ये पेशी नसतात, म्हणून उत्तर स्पष्ट असते. मोठ्यांच्या तीव्र मलावरोधात पेशी असतात, पण कमी, किंवा बिघडलेल्या, किंवा आजूबाजूला दुसरेच काही हरवलेले. पेशी कमी होण्यानेही मोठे आतडे निकामी होऊ शकते याचा खणखणीत पुरावा ब्राझीलमधून मिळाला. कार्लोस शागास यांनी 1909 मध्ये वर्णन केलेल्या परजीवी रोगात अनेक वर्षांनंतर आतडे अवाढव्य फुगते. फ्रिट्झ कोबर्ले यांनी अशा आतड्यांतल्या चेतापेशी चिकाटीने मोजल्या. निम्म्याहून अधिक पेशी मेल्या की आतडे फुगू लागते, असा त्यांचा निष्कर्ष होता. तो रोग आपल्याकडे नाही, पण जन्मानंतर पेशी गमावल्या तरी मलावरोध होतो हे त्याने सिद्ध केले.

1985 मध्ये कृष्णमूर्ती, शफलर आणि सहकाऱ्यांचा शोधनिबंध आला. असह्य मलावरोधामुळे ज्यांचे मोठे आतडे काढावे लागले अशा थोड्या रुग्णांच्या ऊती त्यांनी तपासल्या. नेहमीच्या रंगद्रव्याने सगळे ठीक दिसत होते. मग त्यांनी चांदीच्या क्षारांनी रंगवण्याची पद्धत वापरली आणि आतड्याचे काप आडवे न घेता जाळ्याच्या पातळीत, पापुद्रा सोलावा तसे घेतले. ही पद्धत बार्बरा स्मिथ यांनी रुळवली होती. तेव्हा चांदी धरणाऱ्या चेतापेशी कमी झालेल्या आणि उरलेल्यांचे तंतू विरळ झालेले दिसले. पुढच्याच वर्षी लंडनच्या सेंट मार्क्स रुग्णालयातल्या प्रेस्टन आणि लेनर्ड-जोन्स यांनी अशा तरुण स्त्रियांचे सविस्तर वर्णन केले: त्रास बहुधा वयात येताना सुरू झालेला, आतडे दिसायला साधे, पण मल पुढे सरकण्याची गती फार मंद. 2000 च्या सुमारास आणखी एका पेशीकडे लक्ष गेले. रामोन इ काहाल यांनी एकोणिसाव्या शतकाअखेरीस आतड्यात दाखवलेल्या, चेतापेशी आणि स्नायू यांच्यामधल्या या पेशी आतड्याला ताल देतात. मंदगती मलावरोधात त्या कमी असल्याचे आढळले. चेतापेशींना आधार देणाऱ्या पेशींची घटही नंतर नोंदली गेली.

पण कमी झालेल्या पेशी हे कारण की परिणाम? या प्रश्नाजवळ वाचकाने थांबावे, कारण सगळे क्षेत्रच इथे थांबलेले आहे. बार्बरा स्मिथ यांनी 1968 मध्ये लिहिले होते की सोनामुखीसारखी तीव्र रेचके वर्षानुवर्षे घेतली तर जाळे खराब होते. तसे असेल तर रुग्णाच्या ऊतीत दिसणारा बिघाड औषधाचा असू शकेल, मूळ रोगाचा नव्हे. पुढच्या अभ्यासकांना या मताला पुरेसा आधार मिळाला नाही. ज्यांनी आयुष्यभर रेचके घेतली त्यांचा मलावरोध आधीच तीव्र होता, म्हणून तर त्यांनी ती घेतली. माझे मत दुसऱ्या बाजूला झुकते. योग्य मात्रेतली रेचके जाळे जाळून टाकतात या भीतीने अनेक रुग्णांना औषधाविना कुढत ठेवले गेले आहे, आणि त्या भीतीमागचा पुरावा कच्चा आहे. अकोल्याच्या डोंगरात महादेव कोळी आणि ठाकर कुटुंबे बाळहिरडा गोळा करतात, वाळवून विकतात. हिरड्याच्या याच झाडाचे फळ त्रिफळेतून देशभरच्या घरांत जाते. इतक्या पिढ्या जे औषध घेतात त्याचा या जाळ्यावर होणारा परिणाम आधुनिक पद्धतीने बारकाईने पाहिला जावा, आणि तो हिरडा जिथे पिकतो त्या भागातल्या विद्यार्थ्याने पाहावा, अशी माझी इच्छा आहे.

ऊतींच्या वाचनातही शिस्त हवी होती. किती पेशी म्हणजे कमी, हे वय, आतड्याचा भाग, काप कसा घेतला, रंग कोणता वापरला यांवर बदलते, आणि वयानुसार निरोगी माणसाच्याही पेशी घटतात. प्रत्येक प्रयोगशाळा आपापल्या मापाने मोजत होती. 2010 मध्ये आंतरराष्ट्रीय तज्ज्ञांनी लंडन वर्गीकरण प्रसिद्ध करून एक समान भाषा दिली. तरीही या शाखेत आजही थोडी माणसे आहेत.

रुग्णापर्यंत यातले काय पोचते? बायोप्सी, म्हणजे आतड्याचा तुकडा काढून तपासणे, ही मोठ्या माणसासाठी पहिली पायरी कधीच नसते. आधी थायरॉइड, मधुमेह, वेदनाशामक अफूजन्य औषधे आणि कर्करोग यांचा विचार व्हायला हवा. पार्किन्सनच्या रोगात हात थरथरण्याच्या कित्येक वर्षे आधी मलावरोध सुरू होऊ शकतो, हेही लक्षात ठेवावे. मग कुंथताना गुदद्वाराचे स्नायू सैल पडण्याऐवजी आवळतात का, ते तपासावे. हा दोष बराच आढळतो आणि प्रशिक्षणाने सुधारतो. तिथे चेतापेशी शोधत बसणे म्हणजे रुग्णाचा वेळ घालवणे. शेतात अंधाराची वाट पाहत वेग दाबून धरणाऱ्या बायांकडे तर विशेष लक्ष द्यावे. त्यानंतर गती मोजायची: क्ष-किरणांत दिसणारे बारीक तुकडे गिळायला देऊन ते किती पुढे गेले ते पाहायचे. लंडनला 1969 मध्ये ठरलेली पद्धत पाचव्या दिवशी चित्र काढते. भारतीयांचे आतडे मुळात जलद चालते, म्हणून लखनौच्या संजय गांधी पदव्युत्तर संस्थेत उदय घोषाल आणि सहकाऱ्यांनी 36 आणि 60 तासांनी चित्र काढण्याची पद्धत पडताळून 2007 मध्ये मांडली. आपल्या माणसांवर आपली मापे लावण्याचे हे काम मला या क्षेत्रातले मोठे पाऊल वाटते.

शस्त्रक्रियेबद्दल मात्र सावध राहा. लंडनचे सर विल्यम आर्बथनॉट लेन यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मलावरोधासाठी मोठे आतडे काढण्याचा सपाटा लावला होता, साठलेला मल शरीराला विषबाधा करतो या कल्पनेवर. ती कल्पना टिकली नाही. आजही अगदी निवडक रुग्णांत, गती मंद असल्याचे आणि बाकी सर्व कारणे नसल्याचे सिद्ध झाल्यावरच ही शस्त्रक्रिया करावी.

या अभ्यासात यायचे असेल तर मोठ्या प्रयोगशाळेची वाट पाहण्याची गरज नाही. पॅथॉलॉजीच्या विद्यार्थ्यांनी मलावरोधासाठी काढलेल्या प्रत्येक आतड्याचा पूर्ण जाडीचा तुकडा जपून ठेवावा आणि जाळ्याच्या पातळीत काप घ्यायला शिकावे. दवाखान्यातल्या डॉक्टरांनी मलावरोधाच्या रुग्णाला ‘कधीपासून’ हा प्रश्न जन्मापर्यंत मागे नेऊन विचारावा. प्रसूतीनंतर आई घरी जाण्याआधी परिचारिकेने, आणि तिसऱ्या दिवशीच्या गृहभेटीत आशाताईंनी, बाळाच्या वजनाशेजारी पहिल्या काळ्या शीची वेळ लिहून ठेवावी. 48 तास उलटूनही ती झाली नसेल, तर देठ लावत न बसता बाळाला त्याच दिवशी अकोल्याच्या किंवा राजूरच्या ग्रामीण रुग्णालयात पाठवावे, आणि तिथून पुढे बालशल्यचिकित्सकाकडे.